हजार रुपये आणि दोन कान

परवाची गोष्ट. रात्रीचे दहा वाजून गेले होते. मी नेहमीप्रमाणे मोबाइलला तो छोटा स्पीकर जोडून जुनं नाट्यसंगीत ऐकत पडलो होतो. दारावर टकटक झाली. शेजारची मुलगी. यंदा दहावीला आहे. बिचारी ओशाळून म्हणाली, "आजोबा, राग नका मानू. उद्या गणिताचा पेपर आहे. आवाज थोडा कमी करता का?"

मी चाटच पडलो. माझ्या मते आवाज अगदी बेताचा होता. आत येऊन हिला विचारलं, तर म्हणते, "बेताचा? मी तर कधीची सांगतेय. चौकात ऐकू जातो."

जन्मभर वर्गात "हळू बोला, हळू बोला" करत आलेल्या माणसाला कुणी तरी आवाज कमी करायला सांगावा! दुसऱ्याच दिवशी ठरवलं, कानाला लावायचे हेडफोन आणायचे. पेन्शनीचा हिशोब घातला. महिन्याची औषधं, वीजबिल, दूध वजा जाता हजार रुपयांच्या वर जायचं नाही, असं हिच्यासमोर कबूल केलं आणि घाटंजीच्या बाजारात निघालो.

दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्यानं काउंटरवर ढीग मांडला. कानात खुपसायचे, कानावर बसायचे, गळ्यात अडकवायचे, तारेचे, बिनतारेचे. दोनशेपासून पाच हजारांपर्यंत. "सर, हे पहा, याचा बास जबरदस्त आहे." मला बास म्हणजे 'पुरे' एवढंच ठाऊक. मी गोंधळून रिकाम्या हातानं घरी आलो.

आयुष्य इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेलं. त्यामुळे एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ती आली कुठून, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. चार दिवस वाचत बसलो. त्यात जे हाती लागलं ते हेडफोनपेक्षा बरंच मोठं निघालं, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात एका मास्तरापासूनच होते. टेलिफोनचं पेटंट १८७६ साली ज्याला मिळालं तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला ऐकू कमी येई. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये तो बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत असे, आणि त्याच्याकडे शिकायला आलेली मेबल हबर्ड ही बहिरी मुलगीच पुढे त्याची पत्नी झाली. आवाज म्हणजे काय, तो कानापर्यंत कसा पोचतो, हा त्याच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. त्यातून टेलिफोन निघाला. टेलिफोनचा जो भाग आपण कानाला लावतो, तोच हेडफोनचा मूळ पुरुष. एक चुंबक, त्याभोवती तारेचं वेटोळं आणि समोर थरथरणारा पातळ पडदा. मांडणीत आणि सामानात पुढे पुष्कळ बदल झाले, पण हेडफोनचं मूळ तत्त्व आजही तेच आहे.

पुढे पाचच वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे क्लेमां आदेर नावाच्या माणसानं ऑपेराच्या रंगमंचावर ठिकठिकाणी टेलिफोनचे मायक्रोफोन बसवले आणि तारांनी ते गाणं प्रदर्शनाच्या जागेपर्यंत नेलं. ऐकणारे दोन कानांना दोन चकत्या धरून उभे राहत. दोन्ही कानांत वेगवेगळ्या जागचा आवाज येई, त्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे गेला तर बसल्या जागी कळे! आपण ज्याला आज स्टिरिओ म्हणतो त्याचा हा पहिला प्रयोग समजला जातो. लंडनमध्येही १८९५ पासून अशीच सोय सुरू झाली. वर्गणी भरा आणि घरबसल्या नाटक ऐका. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकवत असत. पण हे सगळं श्रीमंतांचं किंवा आजाऱ्यांचं कौतुक. तुमच्या-आमच्या खिशाचं नव्हे.

डोक्यावर पट्टी आणि दोन कानांवर दोन वाट्या असं आजचं रूप आलं ते १९१० च्या सुमारास. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथनिअल बाल्डविन नावाचा एक गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे यंत्र बनवत होता. त्यानं नमुना अमेरिकन नौदलाकडे पाठवला. नौदलानं तपासलं, आवडलं आणि मागणी नोंदवली. तर हा म्हणतो, एका वेळी दहाच देऊ शकेन, कारण कारखाना म्हणजे माझं स्वयंपाकघर! मला हा माणूस फार आवडला. आपल्याकडे घरोघर पापड-लोणच्याचे उद्योग चालतात, त्यातलाच वाटला.

आता आपल्याकडे येऊ. रेडिओ आला तेव्हा गरिबाचा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. गॅलेना नावाच्या चकाकत्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवायचं आणि लहरी पकडायच्या. या खड्याच्या उपयोगाचं पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांच्या नावावर झालेलं आहे. याला वीज नको, बॅटरी नको. हवेतून येणारी जी काय तुटपुंजी ऊर्जा, तिच्यावरच सगळं चालायचं. पण त्या ऊर्जेवर मोठा स्पीकर हलत नसे. म्हणून हेडफोन लागायचेच. केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले, दोन-दोन हजार ओहमचे. खडा, तार, वेटोळं हे सगळं किरकोळ. खरा खर्च हेडफोनचा. म्हणजे 'कमी पैशांत हेडफोन कोणते घ्यावेत' हा माझा प्रश्न चांगला शंभर वर्षांचा जुना आहे!

मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी ते चालवायची. केंद्राची ताकद दीड किलोवॅट आणि पल्ला साधारण ४८ किलोमीटर. मुंबईच्या चाळीतला माणूस कानाला वाट्या लावून गाणं ऐकू शकत होता, पण सहा-सातशे किलोमीटर दूरच्या घाटंजीला त्यातलं काय पोचणार? ती कंपनीही १९३० साली बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. आमच्या विदर्भाच्या वाट्याला स्वतःचं केंद्र आलं ते १६ जुलै १९४८ ला, नागपूरला.

आणि त्या नागपूर केंद्राशी माझी जी ओळख झाली ती हेडफोनमधूनच. १९६९ साली मी बी.ए.साठी नागपूरला वसतिगृहात होतो. माझा खोलीतला सोबती विज्ञान शाखेचा. त्यानं जुन्या सामानाच्या बाजारातून युद्धाच्या काळातले लष्करी हेडफोन आणले. जड, काळे, घामाचा वास येणारे. खड्याऐवजी छोटा डायोड, पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचं वेटोळं, गच्चीवर एरियल आणि नळाला अर्थिंग. झाला रेडिओ. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. हेडफोन एक आणि ऐकणारे आम्ही दोघं. मग पट्टी वाकवून एक वाटी त्याच्या कानाला, एक माझ्या. डोक्याला डोकं लावून, श्वास रोखून ऐकायचो. तिसरा कुणी आला की वाट्या स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या. डबा घुमायचा आणि तिघांना पुसटसं ऐकू यायचं. आज घरात एवढे आवाज आहेत, पण तसं ऐकणं पुन्हा झालं नाही.

गावाकडे मात्र ऐकणं वेगळं होतं. तिथे एक रेडिओ आणि ऐकणारा सगळा गाव. पुणे केंद्रानं १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. आमच्या भागातही ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर संध्याकाळी गर्दी असे. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन काढावं लागे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत जॉन कॉस नावाच्या माणसानं १९५८ साली गाणी ऐकण्यासाठी म्हणून स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. तोवर हेडफोन म्हणजे तारयंत्रवाल्याचं, वैमानिकाचं, सैनिकाचं अवजार. हौसेसाठी कानाला लावायची वस्तू ते तिथून पुढे झाले. १९६८ साली जर्मनीतल्या सेन्हायजर कंपनीनं उघड्या वाट्यांचे हलके हेडफोन काढले, एचडी ४१४. स्पंजाच्या पिवळ्या उशा. कान कोंडत नाही, बाहेरचंही ऐकू येतं.

आणि मग १ जुलै १९७९. सोनीचा वॉकमन. किंमत ३३ हजार येन. सोबतचे हेडफोन अवघे ५० ग्रॅमच्या आसपास. त्याआधीचे तीन-चारशे ग्रॅमचे असत. हे साधलं ते लहान पण जबर चुंबकांमुळे. पुढे १९८० च्या दशकात निओडायमियमचे आणखी ताकदवान चुंबक निघाले. आज तीनशे रुपयांचं कानातलं बोंडूकसुद्धा बऱ्यापैकी गातं, त्यामागे या चुंबकांचा मोठा हात आहे.

वॉकमनची एक गोष्ट मात्र वाचून मी थबकलो. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती! कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटलं, चार माणसांत एकट्यानंच कान झाकून बसणं असभ्य दिसेल. म्हणून दोघांना एकत्र ऐकता यावं अशी सोय. वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन छोट्या मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता येई. पण लोकांना एकट्यानं ऐकणंच जास्त आवडलं. पुढच्या यंत्रांतून ती सोय गेली. वसतिगृहातली आमची एक-एक वाटी मला आठवली.

असो. एवढा इतिहास डोक्यात घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी शहाणा होऊन. सोबत माझ्या ओळखीच्या दोन गोष्टी नेल्या. मोबाइलमध्ये शंभरदा ऐकलेलं एक पद आणि आकाशवाणीच्या मराठी बातम्या. कारण बास तपासायचा नव्हता, शब्द तपासायचे होते. तीन जोड लावून पाहिले. तिन्हींमध्ये तीच तऱ्हा. आवाज मोठा, पण शब्द तोंडात गूळ धरून बोलल्यासारखे. 'सात' की 'हात', 'शेती' की 'रेती', कळेना. मी वैतागलो. म्हटलं, "कायचा माल ठेवतोस रे तू?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, माल चांगला आहे. तुम्ही एकदा कान दाखवून घ्या ना."

राग आला. खोटं कशाला सांगू? पण शेजारची मुलगी आठवली, हिचं 'कधीची सांगतेय' आठवलं. पुढच्या सोमवारी एसटीनं यवतमाळला जाऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. आवाजबंद खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानांवर काय चढवलं असेल? हेडफोन! एकेका कानात बारीक सूर सोडत होते आणि ऐकू आला की बोट वर करायचं. मी बोट वर केलं, बरेचदा केलं. आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, तपासणी संपली. बाहेर आल्यावर कळलं, यंत्र चालूच होतं.

कागदावरची रेघ उजवीकडे घसरलेली. डॉक्टरांनी समजावलं की वयानं आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'त', 'थ' ही व्यंजनं ज्या आवाजांनी ओळखू येतात ते त्याच पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून माणसाला वाटतं, आवाज येतोय पण लोक नीट बोलत नाहीत. आणि मग तो आवाज वाढवत जातो. माझं नुकसान अजून सौम्य आहे. दर वर्षी तपासायचं, गरज पडली तर श्रवणयंत्र लावायचं. आणि हे बजावून सांगितलं की हेडफोन हा श्रवणयंत्राला पर्याय नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि एक मुलगा आठवला. चाळीस-एक वर्षं झाली असतील. शेवटच्या बाकावर बसायचा. प्रश्न विचारला की भलतंच उत्तर द्यायचा. शुद्धलेखनात 'स' आणि 'श' हमखास चुकायचा. मी त्याला 'लक्ष कुठे आहे तुझं' म्हणून किती वेळा उभं केलं असेल, आणि दोनदा तर छडीही दिली. पोरं हसायची. तो काही बोलत नसे, माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राही. मला तो उर्मटपणा वाटायचा. आता कळतंय, तो माझे ओठ वाचत असावा. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. कुठे आहे, मला ठाऊक नाही.

तेव्हा माहिती नव्हती, असं म्हणून सुटता येईल. पण मुंबईला बहिऱ्यांसाठी अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली उभी राहिली, केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंधाचा कार्यक्रम २००६ च्या सुमारास सुरू झाला. माहिती नंतर तरी येतच होती. माझ्या मनात तो मुलगा मात्र कधी आला नाही. तो आला माझा स्वतःचा कान गेल्यावर. ज्या यंत्राचा उगम बहिऱ्या मुलांच्या एका मास्तराच्या हातून झाला, ते घ्यायला निघालेल्या मास्तराला हे सत्तरी ओलांडल्यावर कळावं, याला काय म्हणायचं?

आता हेडफोनचं. मंडळी, तुमचंही बजेट माझ्यासारखंच असेल तर माझा अनुभव सांगतो. पन्नाशी-साठीनंतर आधी कान तपासून घ्या, मग दुकानात जा. बोलणं आणि जुनी गाणी ऐकायची असतील तर बासच्या जाहिरातीला भुलू नका. फुगलेल्या बासखाली शब्द दबतात. तारेचे घेतले तर पैसे सगळे आवाजावर खर्च होतात. बिनतारेच्यात बॅटरीचे पैसे असतात आणि ती बॅटरी दोन-चार वर्षांत थकतेच. मात्र मोबाइलला तारेचं गोल भोक आहे का ते पाहून जा. ही पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पिनेचीच धाकटी नात, पण २०१६ पासून महागड्या फोनांमधून ती हळूहळू हद्दपार होत चालली आहे. नसेल तर जोडतुकडा लागतो. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन मोबाइलवर नीट वाजतात. चष्मा असेल तर तो घालूनच वाट्या लावून पाहा, दहा मिनिटं तरी. कानशिलं दुखली तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. उश्या बदलून मिळतात का, तेही विचारा.

आणि घरातल्या मुलांसाठी एक. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, अशी मर्यादा सांगितली आहे. डेसिबल कोण मोजणार? तर साधी गोष्ट, आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. गेलेली व्यंजनं परत येत नाहीत.

मी शेवटी तारेचे, कानावर बसणारे, मऊ उशांचे हेडफोन घेतले. साडेआठशे रुपये. उरलेल्या दीडशेत एका पिनेच्या दोन पिना करणारा तुकडा आणि हिच्यासाठी साधे कानातले. दुकानदार म्हणाला, "सर, हे कायले पाहिजे तुम्हाले?" मी म्हटलं, "पहिल्या वॉकमनला दोन भोकं होती, म्हणून." त्याला काही कळलं नाही.

रात्री दहानंतर आता आमच्या घरात सामसूम असते. मुलीचे पेपर झाले. परवा दारात भेटली तर म्हणाली, "आजोबा, आता लावला तरी चालेल आवाज." मी म्हटलं, "नको बेटा, असंच बरं ऐकू येतं."

आणखी एक ठरवलं आहे. जवळच्या शाळेतल्या मास्तरांना एकदा जाऊन भेटायचं. शेवटच्या बाकावरची पोरं जरा पुढे बसवून पाहा आणि जी तोंडाकडे एकटक पाहतात त्यांचे कान तपासून घ्या, एवढंच सांगायचं आहे.